नाक मोजणाऱ्यांचा इतिहास आता आपल्या लेकींनी लिहावा!

गेल्या पावसाळ्यात मंडणगड तालुक्यातील एका गावची मुलगी आपल्या वडिलांना घेऊन आमच्या रत्नागिरीच्या कार्यालयात आली. मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. वडील एसटीतून वाहक म्हणून निवृत्त. काम तसे किरकोळ होते. परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी प्रतिज्ञापत्र हवे होते आणि उत्पन्नाच्या दाखल्यात नावाची चूक झाली होती, ती दुरुस्त करायची होती. कागद चाळता चाळता आम्ही सहज विचारले, "कशात एम.ए. करणार, बाळा?" मुलगी म्हणाली, "काका, विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान."

वडील इतका वेळ गप्प होते, ते म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्हीच हिला समजावा. बी.एड. कर म्हटले तर ऐकत नाही. इतिहास म्हणजे इतिहास आणि विज्ञान म्हणजे विज्ञान. दोघांची खिचडी शिकून हिला नोकरी कोण देणार?"

त्या बापाचा प्रश्न चुकीचा नव्हता. आयुष्यभर तिकिटे फाडून ज्याने लेकीला शिकवले, त्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. "विचार करून सांगतो" म्हणून आम्ही वेळ मारून नेली. आज तो विचार समाजबांधवांपुढे मांडत आहोत, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही.

आधी हा विषय म्हणजे काय ते पाहू. भौतिकशास्त्र शिकणारा विद्यार्थी उष्णता म्हणजे काय ते शिकतो. विज्ञानाचा इतिहास शिकणारा विचारतो, की उष्णतेबद्दलची आजची समजूत माणसाला कशी आली, तिच्या आधी कोणती समजूत होती आणि ती का टाकून द्यावी लागली? विज्ञानाचे तत्त्वज्ञान शिकणारा त्याही पुढे जाऊन विचारतो, की एखाद्या विधानाला 'वैज्ञानिक' म्हणायचे ते कशाच्या जोरावर? कार्ल पॉपर म्हणाले, जे विधान खोटे ठरण्याचा धोका पत्करते तेच वैज्ञानिक. थॉमस कून यांनी १९६२ साली दाखवून दिले, की शास्त्रज्ञसुद्धा आपल्या काळाच्या चौकटीत विचार करतात आणि ती चौकट मोडते तेव्हा विज्ञानात क्रांती होते. केंब्रिज, पिट्सबर्ग, इंडियाना अशा विद्यापीठांत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. आपल्या देशात असे विभाग फारच थोडे. बहुतेक ठिकाणी तत्त्वज्ञानाच्या एम.ए.मधील एखाद्या प्रश्नपत्रिकेत हा विषय उरकला जातो.

कुणी म्हणेल, हे सारे पोट भरलेल्यांचे उद्योग! आमच्या वस्तीत नळाला पाणी नाही, तिथे पॉपर आणि कून कशाला? बांधवांनो, इथेच आपली फसगत होते. ज्याला आपण फावल्या वेळेचा विषय म्हणतो, त्याने याच रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या पूर्वजांच्या ताटातली भाकर काढून घेतली आहे.

दापोलीचा कँप आठवा. तिथे पलटणीतून निवृत्त झालेले पेन्शनर राहत. सुभेदार रामजी तिथलेच आणि बाबासाहेबांच्या बालपणीचे काही दिवसही तिथेच गेले. कंपनी सरकारच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान् पिढ्या लढले. मग १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. कारण काय दिले? तर काही जाती 'लढाऊ वंशा'च्या असतात आणि काही नसतात! रणांगणावर सिद्ध झालेले शौर्य एका वंशसिद्धांतापुढे फोल ठरले. दापोलीचे सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न विचारले होते. त्यांनीच १८९४ साली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्जाची खटपट केली. सरकारच्या त्या 'शास्त्रा'ला शास्त्राच्याच भाषेत उत्तर देणारा पदवीधर त्या वेळी आपल्याकडे एकही नव्हता. शाळेची दारेच बंद होती, तर पदवीधर येणार कुठून?

त्याच काळात हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी लोकांची नाके मोजत होता. १८९१ साली त्याचा बंगालमधील जातीजमातींवरचा ग्रंथ आला आणि १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त झाला. नाकाची रुंदी भागिले नाकाची उंची गुणिले शंभर, हा त्याचा नासिका निर्देशांक. त्याच्या सिद्धांताचे सार एका वाक्यात सांगायचे तर नाक जेवढे रुंद, तेवढी जात खालची! म्हणजे मनूने जे पूर्वजन्माच्या पापपुण्यावर टाकले होते, ते या साहेबाने हाडामांसावर टाकले. हातात मोजपट्टी होती, कागदावर आकड्यांचे तक्ते होते, त्यामुळे कुणाला शंका घेण्याची सोय उरली नाही. आकडा दिसला की माणूस मान डोलावतो.

या आकड्यांना उत्तर दिले ते दोन माणसांनी आणि दोघांचेही मूळ जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले. एक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म मालवणचा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, तोपर्यंत मालवण रत्नागिरीतच होते. त्यांनी १९३२ सालच्या आपल्या जात आणि वंश या विषयावरील ग्रंथात ही मोजमापे पुन्हा तपासली आणि रिस्लेचा नियम साऱ्या हिंदुस्थानला लागू होत नाही असे दाखवले. दुसरे, मंडणगड तालुक्यातील आंबडवे ज्यांचे मूळ गाव, ते आपले बाबासाहेब. घुर्ये यांची अनेक मते आपल्याला पटणारी नाहीत. पण बाबासाहेबांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात घुर्येंचेच तक्ते घेतले, प्रांताप्रांतातील ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे निर्देशांक शेजारी शेजारी ठेवले आणि दाखवून दिले, की या मोजमापांना शास्त्र मानायचे असेल तर दोघांचा वंश एकच ठरतो. वंश वेगळा म्हणून अस्पृश्यता आली, हा सिद्धांत त्याच्याच आकड्यांनी कोसळला.

यातील 'असेल तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाबासाहेबांनी मोजपट्टीवर डोळे झाकून विश्वास ठेवला नाही. तुमचे माप खरे धरले तरी तुमचा निष्कर्ष निघत नाही, असे ते म्हणाले. आम्ही वकील मंडळी उलटतपासणीत हेच करतो. साक्षीदाराचा जबाब त्याच्याच तोंडावर ठेवायचा.

ही तालीम त्यांना कुठे मिळाली? सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले. विचार म्हणजे शंका, गृहीतक आणि पडताळणी असे मांडणारे हे तत्त्वज्ञ. तिथेच फ्रान्झ बोआस होते. त्यांनी अमेरिकेत आलेल्या परदेशी कुटुंबांतील जवळपास १८ हजार माणसांची मापे घेऊन १९११ च्या सुमारास दाखवले, की आईबापांच्या आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या डोक्याच्या आकारात फरक पडतो. म्हणजे कवटी ही वंशाची कायमची खूण नव्हे. बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. वंश आणि रंग यांना जातीचे मूळ मानणाऱ्या युरोपियन पंडितांना बाजूला सारून, जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे असे त्यांनी मांडले. पदवीच्या कागदावर नाव अर्थशास्त्राचे असेल, पण हे काम विज्ञानाच्या इतिहासाचे आणि तत्त्वज्ञानाचेच होते.

हा इतिहास झाला. आता आजचे पाहू. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०२ वे अधिवेशन भरले. ज्या विद्यापीठाशी आमच्या रत्नागिरीची महाविद्यालये संलग्न आहेत, तेच हे विद्यापीठ. तिथे वैदिक काळात ग्रहावरून ग्रहावर जाणारी विमाने होती, असे सांगणारा निबंध वाचला गेला. गंमत अशी की ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार घेतला गेला, त्याचा निकाल बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ सालीच लावला होता. त्यांनी दोन कामे केली. ग्रंथाची भाषा आणि हस्तलिखिताची हकीगत तपासून तो विसाव्या शतकातला आहे हे ठरवले आणि त्यातील विमानांचे आराखडे तपासून ती उडूच शकत नाहीत हे दाखवले. पहिले काम इतिहासाचे, दुसरे विज्ञानाचे. एसटीतल्या आमच्या त्या बांधवाला वाटलेली खिचडी ती हीच!

आता तर 'भारतीय ज्ञान प्रणाली' महाविद्यालयात आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यार्थ्यांनी एकूण श्रेयांकांपैकी किमान ५ टक्के या विषयात घ्यावेत अशी अपेक्षा आहे. आमचा या नावाला विरोध नाही. प्रश्न असा, की ती पुस्तके कोण लिहिणार? मेलेल्या जनावराचे कातडे कमावणे हे रसायनाचे ज्ञान नव्हे काय? पोलाद गाळणारा लोहार, माती ओळखणारा कुंभार, बाळंतपण करणारी सुईण, भरतीओहोटी जाणणारा खारवी, हे ज्ञानी नव्हते काय? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिले, की हातांनी काम करणाऱ्यांना खालच्या जाती ठरवल्याने आणि विचार करणाऱ्यांनी हात मळवणे सोडल्याने इथली वैज्ञानिक वृत्ती आटली. हे सांगणारे राय कोणी आंबेडकरवादी नव्हते, ते रसायनशास्त्रज्ञ होते. पण अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीत हे पान उघडून दाखवणारे माणूस नसेल तर ते पान कायमचे मिटलेलेच राहील.

प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली एक बोचरा प्रश्न विचारला होता. आपल्या विद्यापीठांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि आकडे गोळा करणारे शूद्र अशी वाटणी का आहे? आमची मुले सर्वेक्षणाला जातात, वस्तीत फिरून तक्ते भरून आणतात आणि त्यावर पुस्तक दुसराच लिहितो. ही वाटणी मोडायची असेल तर 'ज्ञान म्हणजे काय' हा प्रश्नच आपल्या मुलांनी हातात घ्यायला हवा.

आता थोडे आपल्या घरातलेही बोलू. काहींना राग येईल, पण बोलतो. २००१ साली आंध्र प्रदेशातील जातींच्या जनुकांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वरच्या जातींचे काही जनुकीय दुवे युरोपियनांशी अधिक जुळतात, असे त्यात म्हटले होते. तेव्हापासून आमच्याच मंचांवरून 'डी.एन.ए.ने सिद्ध झाले' असे ठासून सांगितले जाते. एका जिल्ह्याच्या आसपासचे काही शे नमुने, त्यावरून साऱ्या देशाचा निवाडा! ज्या बाबासाहेबांनी वंशाच्या मापांना आयुष्यभर झोडपले, त्यांचेच अनुयायी नाकाऐवजी जनुक मोजू लागले तर रिस्ले आणि आपल्यात फरक काय राहिला?

नंतरचे संशोधन पाहा. २०१३ साली हैदराबाद आणि हार्वर्डच्या संशोधकांनी मांडले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथले समूह एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि मग ही सरमिसळ थांबून जातीअंतर्गत लग्ने रूढ झाली. २०१६ साली कल्याणीच्या संस्थेतील संशोधकांनी काही समूहांत ही सरमिसळ सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबल्याचे सांगितले, म्हणजे साधारण गुप्तकाळ. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेचा उगम इसवी सन ४०० च्या सुमारास मानला होता. हे वाचून आमचेही मन हरखले. पण न्यायालयात पूरक पुरावा आणि सिद्धता यात भेद असतो. सरमिसळ थांबणे म्हणजे अस्पृश्यता सुरू होणे नव्हे. एक दुसऱ्याला पूरक ठरू शकते, इतकेच म्हणावे. बाबासाहेबांनी स्वतः आपला सिद्धांत गृहीतक म्हणूनच मांडला होता. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका आणि आपले गुरू आहेत म्हणूनही मानू नका. ती कसोटी आपल्या मंचावरील भाषणांनाही लागू आहे.

हे सारे कोर्टकचेरीतही कामाचे आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ३९ तज्ज्ञाच्या मताबद्दल बोलते. पण तज्ज्ञाचे शास्त्र हे शास्त्रच आहे की नाही, हे कोण ठरवणार? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली डॉबर्ट खटल्यात याच प्रश्नावर पॉपरचा आधार घेतला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात संमतीवाचून नार्को चाचणी करण्यास मनाई करताना त्या चाचण्यांच्या विश्वासार्हतेचाही ऊहापोह केला. तुरुंगात गोरगरीब, दलित, आदिवासी, भटके सर्वाधिक सापडतात. खोटे शास्त्र त्यांच्याच मानेवर बसते. म्हणून हा विषय आमचा आहे.

आता त्या मुलीच्या अर्जाकडे येऊ. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या १२५ जागा, त्यांतील ११५ अनुसूचित जातींसाठी. २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत एक अट घातली गेली. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीत बसणार नाहीत! मुलीला प्रबंध लिहायचा होता तो रिस्लेच्या मोजमापांवर. म्हणजे तिने युरोपातील दुर्बिणीचा इतिहास लिहावा, पण आपल्या पणजोबांच्या नाकाचा लिहू नये.

या नियमाला बाबासाहेबांचीच कारकीर्द लावून पाहा. प्राचीन भारतीय व्यापारावरील एम.ए.चा प्रबंध गेला. १९१६ चा जातिसंस्थेवरील निबंध गेला. रुपयाचा प्रश्न अर्थशास्त्र म्हणून कदाचित वाचला असता, तोही साहेबाच्या मर्जीवर! बडोद्याच्या राजाने १९१३ साली जे अडवले नाही, ते स्वतंत्र भारताच्या सामाजिक न्याय खात्याने २०२२ साली अडवले.

सरकारचे म्हणणे असे, की भारतविषयक अभ्यासाला भारतातच संस्था आहेत. काही विषयांपुरते ते मान्य करू. पण या विषयाचे विभाग इथे थोडे आणि इंग्रज राजवटीचे इंडिया ऑफिसचे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. घटनेच्या कलम १४ खाली वर्गीकरण टिकायचे तर त्याचा योजनेच्या उद्देशाशी तर्कसंगत संबंध असावा लागतो. योजनेचा उद्देश गरीब मागासवर्गीय मुलांना उच्च शिक्षण देणे हा आहे. मग त्यांनी कशाचा विचार करावा हे ठरवण्याचा संबंध कुठे येतो? कलम ४६ दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हितांची विशेष काळजी घ्यायला सांगते. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आलेले कलम ५१ क (ज) वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवते. एकीकडे कर्तव्य सांगायचे आणि दुसरीकडे ते करायला निघालेल्या मुलीची वाट बंद करायची, हा कुठला न्याय? अशा अटीविरुद्ध निवेदने द्या, खासदारांना प्रश्न विचारायला लावा. गरज पडली तर उच्च न्यायालयाची पायरी चढायला आमच्यासारखे वकील आहेत.

राहिला बापाचा प्रश्न, नोकरीचा. खोटी आशा दाखवणे हे चळवळीचे काम नव्हे. नेट परीक्षेत या नावाचा स्वतंत्र विषय नाही. तत्त्वज्ञान आहे, इतिहास आहे. म्हणून परदेशी जाण्याआधी किंवा आल्यानंतर यांपैकी एका विषयाची एम.ए. पदवी हाताशी ठेवावी, म्हणजे प्राध्यापकाच्या जागेसाठी पात्रतेचा वाद उद्भवणार नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विज्ञान धोरणाचे केंद्र आहे, तिथे पुढील संशोधनाची वाट आहे. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या ७५ जागा आहेत. मात्र नियम वरचेवर बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात आणि शासन निर्णय अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय अर्ज करू नये. जातवैधता आणि उत्पन्नाचे दाखले वेळेत काढून ठेवावेत. दर वर्षी नावातील एका वेलांटीमुळे मुले मागे राहतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

आणि समाजाने काय करावे? आपल्या तालुक्यांत धम्मपरिषदा होतात, मंडप पडतात, स्मरणिका निघतात. त्यातला एक मंडप कमी करून दर वर्षी एका विद्यार्थ्याच्या परीक्षा फीची आणि पुस्तकांची सोय केली तर काही बिघडणार नाही. मुंबईला असलेल्या चाकरमान्यांनी गावच्या विहाराला रंग देण्यासाठी वर्गणी काढली, तशी एका कपाटाची काढावी. त्या कपाटात बाबासाहेबांचे खंड असावेत आणि शेजारी दामोदर धर्मानंद कोसंबीही असावेत. गोव्यात जन्मलेला हा गणिती, बौद्ध पंडित धर्मानंदांचा मुलगा. जुन्या नाण्यांना हाताळून हाताळून किती झीज झाली ते तराजूत तोलून, गणित मांडून, त्यावरून त्यांनी इतिहास वाचला. विज्ञान आणि इतिहास यांची सांगड कशी घालावी, हे आपल्याच किनारपट्टीवरच्या माणसाने दाखवले आहे.

तो दाखला आम्ही दुरुस्त करून घेतला आहे. अर्ज राज्याच्या शिष्यवृत्तीकडे करायचे ठरले आहे. मिळेल की नाही हे आम्हाला सांगता येत नाही. परवा वडिलांचा फोन आला. म्हणाले, "वकीलसाहेब, जयभीम. ती नाक मोजण्याची गोष्ट पोरीने घरी सांगितली. माझा आजा पलटणीत होता, हे तुम्हाला सांगायचे राहिले." पुढे ते काही बोलले नाहीत. बी.एड.चे नावही त्यांनी काढले नाही.

त्या आजाची नोंद कुठल्या तरी दप्तरात कुणा साहेबाने केली असेल. ती नोंद शोधून, तपासून, तिच्यातील खरे आणि खोटे वेगळे करण्याचे काम आता त्याची पणती मागते आहे. तिला आडवे येऊ नका, बांधवांनो!

जयभीम!